जोन्सटाउन : परतीची वाट बंद होत गेली ती अशी

कोकणात एखाद्या बुवाच्या मठाचं प्रकरण बाहेर आलं की मालवणपासून अलिबागपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : एवढी शहाणीसुरती माणसं नादी लागलीच कशी? दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात एका अमेरिकी पंथानं जंगलात वसवलेल्या जोन्सटाउन या वस्तीचा इतिहास त्याचं उत्तर देतो, आणि ते उत्तर भाबडेपणापाशी थांबत नाही.

जिम जोन्स हा 1931 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जन्मलेला धर्मोपदेशक. 1950च्या दशकात त्यानं इंडियानापोलिस शहरात 'पीपल्स टेंपल' नावाचं स्वतःचं चर्च काढलं. अमेरिकेत तेव्हा काळे-गोरे देवळातही वेगळे बसत. इथं एका बाकावर बसले. भुकेल्यांना फुकट जेवण मिळालं, म्हाताऱ्यांना आसरा मिळाला. 1961 साली शहराच्या मानवी हक्क आयोगाचं संचालकपद जोन्सकडे आलं. कोंबडीचं मांस दाखवून 'कर्करोग काढला' म्हणण्याची लबाडीही चाले. पण माणसं टिकली ती चमत्कारापायी कमी आणि मिळालेल्या मानापायी जास्त, असं मला वाटतं.

अणुयुद्धाची भीती घालून 1965 साली त्यानं अनुयायांना कॅलिफोर्नियात नेलं. सॅन फ्रान्सिस्कोत पुढाऱ्यांना त्याची माणसं प्रचाराला हवी असत. 1976 साली तो शहराच्या गृहनिर्माण आयोगावरही बसला. इकडे अनुयायी घरदार, पगार टेंपलच्या नावे करत होते. 1977 साली सुटून आलेल्यांच्या हकिकती एका मासिकात छापून येणार असं कळलं आणि जोन्सनं शेकडो माणसांसह गयानाचं जंगल गाठलं.

तिथं पासपोर्ट काढून घेतले. पत्रं तपासली जात. म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन टेंपलच्या तिजोरीत जाई. कर्ण्यावरून वेळी-अवेळी जोन्सचाच आवाज, आणि काही रात्री सगळ्यांना उठवून विष पिण्याची तालीम.

17 नोव्हेंबर 1978ला अमेरिकी खासदार लिओ रायन चौकशीला पोचले. 'आम्हाला इथून न्या' अशी चिठ्ठी हळूच त्यांच्यासोबतच्या पत्रकाराच्या हाती आली. दुसऱ्या दिवशी काही माणसं त्यांच्याबरोबर निघाली, तर जवळच्या पोर्ट कैटुमा गावाच्या धावपट्टीवर गोळीबार झाला. रायन यांच्यासह पाच जण मेले.

त्याच संध्याकाळी वस्तीत सायनाइड घातलेलं सरबत आलं. त्या सभेचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. क्रिस्टीन मिलर ही बाई उभी राहून विचारते, रशियाला जायचा मार्ग नाही का? लेकरांना जगायचा हक्क आहे, असं ती ठणकावून सांगते. जोन्स तिला उत्तरं देत राहतो, पण तिला गप्प करते ती भोवतालची गर्दी. आधी लेकरांना विष दिलं, तान्ह्यांच्या तोंडात सिरिंजनं. भोवती हत्यारबंद पहारा होता. वस्तीत 909 माणसं गेली, त्यांत सुमारे 300 मुलं. याला 'सामूहिक आत्महत्या' म्हणणं मला मान्य नाही. त्या मुलांचा खून झाला.

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, 2013 साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, चमत्काराच्या नावानं लुबाडणं हे त्यानुसार गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मात्र पोरं मुंबईला, म्हातारी एकटी घरात, आणि तिची रोज विचारपूस करणाऱ्या महाराजाच्या मठाला तिनं राजीखुशीनं आंब्याची बाग बक्षीसपत्रानं दिली, तर तिथं ना चमत्कार असतो ना अघोरी प्रकार. अशा वेळी मुलं मुंबईहून येतात तेव्हा दस्त नोंदवून झालेला असतो, आणि म्हातारी त्यांच्याशी बोलायचीही बंद झालेली असते.