हजार स्त्रिया आणि स्तनाच्या कर्करोगाचा माग

स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना सरासरी किती मुले होती, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कर्करोग नसलेल्या, पण राहणीमानाने त्यांच्यासारख्याच स्त्रियांचा आकडा शेजारी ठेवला की तो बोलू लागतो. ब्रिटिश डॉक्टर जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ साली हेच केले. लंडन आणि ग्लासगोच्या रुग्णालयांतून त्यांनी ५०० रुग्ण स्त्रिया घेतल्या, आणि तुलनेसाठी कर्करोग नसलेल्या ५०० जणी. सगळ्यांना एकच प्रश्नावली: लग्न कितव्या वर्षी झाले, मुले किती, अंगावर किती पाजले, पाळी कधी थांबली. आज ज्याला रुग्ण-नियंत्रण अभ्यास म्हणतात, त्याचा हा पहिला आधुनिक नमुना मानला जातो.

तुलनेची ही शिस्त त्यांच्याकडे आधीपासून होती. १९१२ साली त्यांनी बर्लिनमधल्या नोंदींवरून अंगावर पिणाऱ्या ३०० आणि उकळलेल्या गाईच्या दुधावरच्या २०४ बाळांची वजने ताडून पाहिली होती. तेव्हाही, वजनांतला फरक दुधाचा की घरच्या कमाईचा, हे त्यांनी तपासले.

१९२६ च्या अभ्यासात खरी मेख मुलांच्या संख्येत होती. रुग्ण स्त्रियांना मुले कमी होती. पण उशिरा लग्न झालेल्या स्त्रीला मुले कमीच होणार. मग कर्करोगाशी संबंध कशाचा, उशिरा झालेल्या लग्नाचा की कमी बाळंतपणांचा? संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचे नावच, हुद्दा नव्हे) यांच्या मदतीने लग्नाचा हिशेब वेगळा काढला, तरी फरक उरलाच. मला या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

अशा अभ्यासात चुका कुठे शिरतात? जुने रुग्ण घेतले, तर लवकर दगावलेल्या स्त्रिया मोजणीत येतच नाहीत. मग जगण्यास मदत करणारी गोष्ट उलट रोग आणणारी भासू शकते. दुसरी अडचण आठवणीची. मुले किती झाली हे कोणी विसरत नाही. वीस वर्षांपूर्वी किती महिने पाजले, हे मात्र अंदाजानेच सांगितले जाते. शिवाय निम्म्या स्त्रिया रुग्ण असाव्यात हे संशोधकानेच ठरवलेले असते, म्हणून ‘शंभरातल्या किती जणींना कर्करोग होईल’ हे यातून थेट निघत नाही. रोग विरळ असेल तर दोन गटांतल्या धोक्याचे गुणोत्तर मात्र जवळपास बरोबर मिळते, हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ मध्ये गणिताने दाखवले.

लेन-क्लेपन तोवर संशोधनात राहिल्या नव्हत्या. १९२९ साली त्यांचे लग्न झाले, आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाकारणाऱ्या तेव्हाच्या नियमांमुळे त्यांची कारकीर्द तिथेच संपली. पुढे आणखी ३८ वर्षे त्या जगल्या. हे नुकसान विज्ञानाचे होते.

त्यांची आकडेवारी २०१० मध्ये आधुनिक पद्धतींनी पुन्हा तपासली गेली, तेव्हाही आजच्या माहितीशी जुळणारेच निष्कर्ष निघाले. त्याआधी २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र मोजणी झाली होती: प्रत्येक बाळंतपणामागे सापेक्ष धोका (म्हणजे इतर स्त्रियांच्या तुलनेतला धोका) सुमारे ७ टक्क्यांनी कमी, आणि स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे त्याखेरीज आणखी ४.३ टक्क्यांनी.