डिस्क निघून गेली, पण तिची नोंद अजून वापरात आहे

पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता उपटू नये, हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. कारणही माहीत असतं: कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं, तरी डेटा खरोखर डिस्कवर उतरलेला असतोच असं नाही. लिनक्समध्ये नवा लिहिलेला डेटा आधी मेमरीत साठतो. तो डिस्कवर पाठवणारं काम नेहमीच्या सेटिंगमध्ये दर 5 सेकंदांनी जागं होतं आणि 30 सेकंदांहून जुना झालेला डेटा पुढे ढकलतं. तेवढ्यात डिस्क काढली, तर तो डेटा गेला. विंडोज 10 ने 2018 साली आलेल्या 1809 या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ही साठवण मुळातच बंद ठेवली. वेग थोडा कमी झाला, पण धोकाही घटला.

हे नुकसान मात्र त्या एका डिस्कपुरतं असतं. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पडलेला पेच याहून मोठा आहे: डिस्क गेली तरी बाकीचा संगणक चालू राहिला पाहिजे.

डिस्क जोडली की कर्नल तिच्यासाठी मेमरीत एक नोंद तयार करतो. आकार किती, कोणता ड्रायव्हर ती चालवतो, वाचण्या-लिहिण्याच्या कोणत्या विनंत्या रांगेत आहेत, हे सगळं त्या नोंदीत असतं. मग या नोंदीचा पत्ता बऱ्याच जणांकडे जातो. डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणारी फाइल सिस्टिम तो धरून ठेवते, फाइल उघडलेला प्रोग्रॅम फाइल सिस्टिमच्या आडून धरतो, डिस्कवर लक्ष ठेवणारी एखादी सेवाही धरते. केबल निघाली की खरी डिस्क क्षणात जाते, पण हे पत्ते जागच्या जागीच राहतात. ड्रायव्हरने घाईने नोंद पुसून मेमरी मोकळी केली, तर कर्नल तीच जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो. फाइल सिस्टिम जुन्या पत्त्यावर जाते आणि भलत्याच माहितीला डिस्क समजून वापरू लागते. संगणक तिथेच बंद पडला तर बरं म्हणायचं. तो बंद न पडता कुणाची तरी माहिती गुपचूप बिघडवत राहिला, तर मूळ कारण शोधायला महिने लागू शकतात. शिवाय हल्लेखोर अशा चुका शोधतच असतात.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे वापरण्याआधी डिस्क आहे का ते तपासणं. तो पुरत नाही. एका प्रोसेसरवर चाललेल्या कामाने तपासलं, डिस्क आहे. पुढच्या ओळीवर जाऊन ते नोंद वाचणार, तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरवर केबल निघाल्याचा निरोप आला आणि त्याने नोंद पुसली. तपासणी खरी होती, पण वाचेपर्यंत ती शिळी झाली. मधली फट कितीही लहान असो, सेकंदाला हजारो विनंत्या धावत असतील तर ती कधी ना कधी गाठली जातेच.

खरा उपाय मोजणीचा आहे. नोंद धरणाऱ्या प्रत्येकाने एक आकडा 1 ने वाढवायचा, सोडताना 1 ने कमी करायचा. आकडा 0 झाला तरच मेमरी मोकळी होते. एकदा 0 झालेला आकडा पुन्हा 1 करता येत नाही, कारण नोंद पुसायला तोवर सुरुवात झालेली असते. म्हणून कर्नलमध्ये ‘0 नसेल तरच वाढव’ अशी खास क्रिया असते. ती तपासणी आणि वाढ एकाच अखंड पावलात करते, मध्ये कुणाला शिरू देत नाही.

ही मोजणी नीट वापरायची तर ‘डिस्क गेली’ आणि ‘नोंद पुसली’ या दोन घटना वेगळ्या ठेवाव्या लागतात. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे फार स्वच्छपणे केलेलं आहे. डिस्क गायब झाली की ड्रायव्हर ‘डिस्क गॉन’ हे फंक्शन बोलावतो. त्याने डिस्कवर ‘उपकरण नाही’ असा शिक्का बसतो आणि ती वापरणाऱ्या वरच्या थरांना ती अनाथ झाल्याची खबर जाते. ते आपापली आवराआवर करून तिला सोडतात. सगळं संपल्यावर कर्नल उलट ड्रायव्हरला कळवतो की, आता मी तुला पुन्हा बोलावणार नाही, तुझी मेमरी मोकळी कर. हा परतीचा निरोप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो नसेल, तर किती वेळ थांबायचं हे ड्रायव्हरला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि कर्नलमध्ये अंदाज कधीतरी चुकतोच.

अडलेल्या विनंत्यांचंही बघावं लागतं. डिस्ककडे पाठवलेल्या, पण उत्तर न आलेल्या प्रत्येक विनंतीला त्रुटीसह का होईना, उत्तर द्यावंच लागतं. नाहीतर ती पाठवणारा प्रोग्रॅम कायमचा ताटकळतो. इथे एक सापळा आहे. डिस्क हटवणारं काम एखादं लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरून विनंत्या संपायची वाट बघतं, आणि नेमक्या त्याच विनंत्यांना संपण्यासाठी ते लॉक हवं असतं. मग दोघेही अडकतात.

हार्डवेअरची तऱ्हा आणखी वेगळी. पीसीआय एक्स्प्रेस या संगणकातल्या वेगवान जोडणीवरची एनव्हीएमई प्रकारची डिस्क अचानक निघाली आणि ड्रायव्हरने तिचं रजिस्टर, म्हणजे तिची स्थिती सांगणारा छोटा कप्पा, वाचलं, तर साधारणपणे त्रुटी येत नाही, सगळे बिट 1 असलेलं उत्तर येतं. 32 बिटांच्या रजिस्टरसाठी तो आकडा होतो 4294967295. ‘अमुक बिट 0 होईपर्यंत थांब’ असं ड्रायव्हरमध्ये लिहिलेलं असेल, तर तो बिट कधीच 0 होणार नाही. म्हणून चांगले ड्रायव्हर हा आकडा दिसताच डिस्क गेली असं धरून चालतात, आणि थांबण्याला कालमर्यादाही घालतात.

या साऱ्याचा एक परिणाम लिनक्स वापरणाऱ्यांनी पाहिलेला असतो. माउंट केलेली, म्हणजे फाइली वापरण्यासाठी जोडून घेतलेली, ‘एसडीबी’ नावाची डिस्क उपटून लगेच परत लावली, की ती बहुतेकदा ‘एसडीसी’ म्हणून येते. जुन्या फाइल सिस्टिमने पहिली नोंद अजून सोडलेली नसते, त्यामुळे ते नाव अडलेलंच असतं. डिस्क तीच असली तरी कर्नल तिला जुन्या नोंदीला जोडत नाही, कारण मधल्या वेळात ती दुसऱ्या संगणकावर जाऊन बदलून आली असेल, तर मेमरीतली जुनी माहिती तिच्यावर लिहिणं घातक ठरेल. जुनं माउंट काढून टाकलं, त्यावरच्या उघड्या फाइली बंद झाल्या, की आकडा 0 होतो आणि ‘एसडीबी’ हे नाव पुढच्या डिस्कसाठी मोकळं होतं.