एंकहाउझेन : बियाण्यांच्या कंपन्या पाहण्याआधी हे बंदर पाहून घ्या

नमस्कार मंडळी,

हॉलंडच्या अभ्यास दौऱ्यात आपला एक मुक्काम एंकहाउझेनला आहे. कार्यक्रमपत्रिका हातात पडली की बरेच शेतकरी फोन करून विचारतात, "बियाण्यांच्या कंपन्या बघायला चाललोय, मग अर्धा दिवस बंदरात कशाला?" त्याचं उत्तर या पत्रकात सविस्तर देत आहोत. जायच्या आधी एकदा निवांत वाचा.

ज्या गावातून भाजीपाल्याचं बियाणं जगभर जातं, ते गाव मुळात शेतीचं नव्हतं. ते मासे, मीठ आणि मसाल्याच्या जहाजांवर मोठं झालं. पुढे समुद्राचा धंदा हातचा गेला आणि गावानं पाठीमागच्या जमिनीकडे मोर्चा वळवला. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुपारी कंपनीत जे दिसेल त्याचा अर्थ लागतो.

गाव कुठे आहे

अॅमस्टरडॅमहून रेल्वेनं साधारण तासाभराचा रस्ता. रूळ इथेच संपतात; स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर बंदर आणि डोलकाठ्या. भोवतालचा मुलूख वेस्ट-फ्रीसलंड म्हणून ओळखला जातो. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेराव्या शतकात लोकांनी ठिकठिकाणचे बांध जोडून या मुलखाभोवती सुमारे 126 किलोमीटरचं मातीच्या बांधाचं कडं पूर्ण केलं. आपण गाडीतून जाताना रस्ता कधी या बांधावरून जातो. तेव्हा एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पातळीखाली कोबीची शेतं दिसतात. मातीचं धरण बघितलेल्या माणसाला तो बांध काय चीज आहे हे सांगावं लागत नाही.

हेरिंग, मीठ आणि द्रोमेदारिस

एंकहाउझेनला 1356 साली शहराचा दर्जा मिळाला. शहराच्या मानचिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत, आणि ते उगाच नाहीत. हेरिंग पकडला की जहाजावरच त्याची आतडी काढायची, मीठ लावायचं आणि पिंपात थरावर थर भरायचे. असा मासा महिनोन्‌महिने टिकायचा आणि दूर बाल्टिक किनाऱ्यापर्यंत विकला जायचा. परतताना तिकडून धान्य आणि लाकूड यायचं. नाशवंत माल टिकाऊ करून लांबच्या बाजारात विकणं, हे गाव तेव्हाच शिकलं होतं.

बंदराच्या तोंडावर द्रोमेदारिस हा गोल बुरूज आहे, 1540 चा. तोफांसाठी बांधलेला, पुढे काही काळ तुरुंग म्हणूनही वापरलेला. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत उभं राहून बघा. वरच्या मनोऱ्यातल्या घंटा हेमोनी बंधू या नामांकित घंटा ओतणाऱ्या कारागिरांनी ओतलेल्या आहेत. त्यांचा सूर गल्लीबोळांतून ऐकू येतो.

1572 मध्ये इथे राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पेटलं, तेव्हा बंडाचा पुढारी असलेल्या ऑरेंजच्या राजपुत्राची बाजू आपण होऊन घेणारं हॉलंडमधलं पहिलं शहर हेच.

गोव्याशी असलेलं नातं

हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावतो.

यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा एंकहाउझेनमध्ये वाढलेला तरुण 1583 मध्ये पोर्तुगीज जहाजानं गोव्याला आला आणि तिथल्या आर्चबिशपचा चिटणीस झाला. पाच वर्षं तो गोव्यात राहिला. बाजार कसा भरतो, कोणतं जहाज कधी सुटतं, कोणत्या वाऱ्यावर कुठे जाता येतं हे सगळं तो टिपत गेला. आंबा, फणस, विड्याचं पान यांचंही त्यानं बारकाईनं वर्णन केलं. तिथेच त्याला त्याच्याच गावचा दिर्क खेरित्स हा खलाशी भेटला. तो चीन आणि जपानपर्यंत जाऊन आलेला माणूस. लिन्सखोतेन 1592 मध्ये घरी परतला आणि लिहायला बसला. गावातले वैद्य पालुदानुस यांनी वनस्पतींबद्दलच्या टिपांची भर घातली.

पोर्तुगीजांनी जपलेल्या जलमार्गांची माहिती अशी छापून बाहेर पडली. 1595 मध्ये आशियाकडे निघालेल्या पहिल्या डच ताफ्यानं लिन्सखोतेनच्या सूचना बरोबर घेतल्या होत्या. सागरी नकाशांचं पहिलं छापील पुस्तक 1584 मध्ये काढणारा वाखेनार हाही इथलाच दर्यावर्दी. पुढे 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या सहा शाखांपैकी एक एंकहाउझेनला होती आणि कामकाजात तिचा वाटा एक सोळांशाचा. वेंगुर्ल्याला जी डच वखार आहे, ती याच कंपनीची.

कंपनीच्या भागभांडवलाची 9 सप्टेंबर 1606 ची एक पावती 2010 मध्ये शेजारच्या होर्न शहरातल्या दप्तरखान्यात सापडली. रक्कम 150 गिल्डर (तेव्हाचं डच चलन), शाखा एंकहाउझेन. जगातला सर्वांत जुना ज्ञात शेअर म्हणून ती ओळखली जाते.

पडता काळ

सतराव्या शतकात इथे वीस हजारांच्या आसपास वस्ती होती. नंतर व्यापार अॅमस्टरडॅमनं ओढून घेतला, लढायांनी मासेमारीचं कंबरडं मोडलं, आणि 1799 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच बुडीत निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जेमतेम पाच हजारांच्या घरात माणसं उरली. रिकामी घरं पाडली गेली. तटाच्या आत मोकळ्या जागा पडल्या आणि तिथे गुरं चरू लागली. आजही लोकसंख्या एकोणीस हजारांच्या आसपासच आहे.

हा काळ कुठल्या संग्रहालयापेक्षा बुरेनहूक या मोहल्ल्यात चांगला दिसतो. शहराच्या तटाआत वसलेली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिथली जुनी घरं उतरत्या चौकोनी छपराची. मधोमध गवताची गंजी, तिच्या कडेनं गाईंचा गोठा आणि माणसांच्या खोल्या, सगळं एकाच छपराखाली. एका घरासमोर थांबून छपराची उंची जरूर बघा. ती गंजीच्या हिशेबानं ठरलेली आहे. तिथून जवळच गाईंची वेस आहे, तटातला जुना दरवाजा.

चित्रकार पाउलुस पॉटर 1625 मध्ये याच गावी जन्मला. त्यानं काढलेला जवळजवळ खऱ्या मापाचा बैल आपण हेगच्या संग्रहालयात पाहणार आहोत. वशिंड नसलेला बैल बघून आपली मंडळी थबकतात, पण अंगावरच्या माश्यांपर्यंत सगळं निरखून काढलेलं आहे.

समुद्राचं तळं झालं

28 मे 1932 रोजी उत्तरेकडे 32 किलोमीटरचा बंधारा पूर्ण झाला आणि झाउदरझे नावाचा उपसागर बंद पडला. पुरापासून रक्षण झालं, नवी जमीन मिळाली, पण खारं पाणी हळूहळू गोडं झालं. हेरिंग आणि मांदेलीच्या जातीचे मासे गेले. आता समोर दिसतं ते आयसेलमेर, म्हणजे सरोवर. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतली घरं, धुरी देण्याच्या खोल्या, शिंपल्यांचा चुना भाजणाऱ्या भट्ट्या उचलून इथल्या खुल्या संग्रहालयात उभ्या केल्या आहेत. स्टेशनापासून तिथे बोट जाते.

आणि मग बियाणं

1867 मध्ये जवळच्या आंदाइक गावी स्लाउस आणि ग्रोट या दोघांनी बियाण्यांचा धंदा सुरू केला आणि पुढे तो एंकहाउझेनला आणला. चिकण माती, समुद्रामुळे सौम्य हवा, भाजीपाला पिकवणारे शेतकरी आणि माल लांब धाडायची जुनी सवय, हे सगळं इथे होतंच. एन्झा झादेन ही बियाण्यांची कंपनी 1938 पासून इथली. ग्रोट घराण्यातल्या सिमोन ग्रोट यांनी 1982 मध्ये फिलिपिन्समध्ये ईस्ट-वेस्ट ही कंपनी काढली आणि उष्ण प्रदेशातल्या भाज्यांवर लक्ष दिलं, अगदी कारल्यावरसुद्धा. छोट्या शेतकऱ्यांसाठी केलेल्या या कामाबद्दल त्यांना 2019 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या कंपनीचं भारतातलं काम छत्रपती संभाजीनगरहून चालतं. तुमच्यापैकी अनेकांनी तिची पाकिटं फोडली असतील.

गावाचं एक पंचांगही आहे. भरती-ओहोटी, सूर्योदय, चंद्रकला आणि हवामान सांगणारा हा वार्षिक अंक सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून निघतो आहे. शेतकरी आणि खलाशी दोघांनाही लागणारा, अगदी आपल्या पंचांगासारखा.

येताना लक्षात ठेवा

हरितगृहात शिरताना पायात आवरण, अंगात झगा आणि हात निर्जंतुक करणं सक्तीचं असतं. टोमॅटोवरचा रुगोज विषाणू हाताला आणि कपड्यांना लागून पसरतो, म्हणून झाडाला हात लावू नका. फोटो विचारल्याशिवाय नको.

बियाणं किंवा रोप सामानात घालून आणू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर ते विमानतळावर जप्त होतं. वाण आवडला तर नाव आणि क्रमांक लिहून घ्या, इथे आल्यावर त्या कंपनीच्या भारतातल्या कार्यालयात चौकशी करायला आम्ही मदत करू.

शाकाहारी मंडळींचं जेवण आम्ही आधी सांगून ठेवतो. बंदरावर धुरी दिलेली वाम मिळते. खाणाऱ्यांनी चुकवू नये. उन्हाळा असला तरी वारं बोचरं असतं, तेव्हा कानटोपी हातातल्या पिशवीतच ठेवा, बसमधल्या मोठ्या बॅगेत नको.