रंकाळा तलाव : काठाचे पुनरुज्जीवन

रंकाळा हा कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगाचा, सुमारे शंभर हेक्टर पसाऱ्याचा तलाव. अंबाबाईच्या देवळापासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फिरायला येणारे, भेळ खाणारे, बाकावर बसून सूर्यास्त पाहणारे लोक त्याला ‘रंकाळ्याची चौपाटी’ म्हणतात. समुद्र दूर असलेल्या या शहराची चौपाटीची हौस इथेच भागते. गेल्या काही दशकांत या काठाची डागडुजी, सुशोभन आणि पाण्याचे शुद्धीकरण असे बरेच काम झाले. शहराच्या मध्यावरचे पाणी वाचवायचे म्हणजे नेमके काय करावे लागते, हे त्यातून कळते, म्हणून या कामाची स्वतंत्र नोंद घेणे योग्य ठरते.

रंकाळा ही मुळात दगडाची खाण होती, असे परंपरा सांगते. राजा गंडरादित्याने बांधलेल्या ३६० जैन बस्त्यांसाठी म्हणजे मंदिरांसाठी इथलाच दगड काढला गेला आणि आठव्या-नवव्या शतकातल्या भूकंपाने खाणीत पाण्याचे झरे फुटले, अशी कथा आहे. गंडरादित्य हा शिलाहार राजा मात्र बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. तेव्हा कथेतले हे दोन्ही धागे एकाच क्रमाने खरे मानता येत नाहीत. नाव रंकभैरवावरून आले, असे सांगतात. काठावरच्या नंदीबद्दल तर कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत असते, की तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. पाणी ओसरले की उघडा पडणारा दगडी संध्यामठ आणि पश्चिम काठावरचा, १९३१ ते १९३४ या काळात काळ्या दगडात बांधलेला शालिनी पॅलेस या काठाच्या ठळक खुणा आहेत. संस्थानकाळात तलावाला दगडी बांध घातला गेला आणि पाणी आसपासच्या शेतीलाही मिळू लागले.

दुखणे सुरू झाले ते तलावाच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली तेव्हा. पावसाचे पाणी आणणारे ओढे सांडपाण्याचे नाले झाले. श्याम सोसायटी, देशमुख हॉल, सरनाईक कॉलनी आणि परताळा या नाल्यांची नावे कोल्हापूरकरांना वर्तमानपत्रांतून पाठ झाली आहेत. जोडीला काठावर कपडे धुणे, जनावरे व वाहने धुणे, निर्माल्य टाकणे चालूच होते. सांडपाण्यातल्या व साबणातल्या फॉस्फरस-नायट्रोजनवर केंदाळ म्हणजे जलपर्णी फोफावते आणि सूक्ष्म शैवाले वाढतात. उन्हाळ्यात पाणी कमी आणि ऊन कडक, तेव्हा निळ्या-हिरव्या शैवालाचा थर सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. तो मेला की कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. मग मासे मरतात आणि वास गल्ल्यांपर्यंत येतो. नदीत आलेली घाण पुढे वाहून तरी जाते. तलावात ती तळाशी बसते आणि गाळात साठलेला फॉस्फरस प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून नाले आज बंद केले तरी तलाव उद्याच निवळत नाही. काठावर उभे राहून ‘एवढा खर्च केला, मग पाणी हिरवेच कसे?’ असे विचारणाऱ्याला उत्तर या गाळापासून द्यावे लागते.

केंद्र सरकारने २००१ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा पुढे समावेश झाला. या योजनेत खर्चाचा ७० टक्के वाटा केंद्राचा आणि ३० टक्के राज्याचा असे. महापालिकेच्या कामाचा गाभा होता नाल्यांचे पाणी तलावाआधीच अडवून वळवणे. वळवलेले सांडपाणी नळाने शुद्धीकरणाकडे न्यायचे, अशी ही रचना. दुधाळीचे १७ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) आणि कसबा बावड्याचे ७६ एमएलडी क्षमतेचे केंद्र ही शहराची सांडपाणी प्रक्रियेची मुख्य ठिकाणे. यासोबत केंदाळ काढणे, गाळ उपसणे, बांधाची दुरुस्ती, पदपथ, उद्याने आणि दिवे ही कामेही होत गेली.

यातले पदपथ आणि दिवे लगेच डोळ्यांत भरतात. त्यांचे मोल कमी नाही. स्वच्छ, उजेडाच्या काठावर बायका-मुले निर्धास्त फिरतात, आणि जिथे लोक रोज येतात तिथे केंदाळ वाढले तर दुसऱ्या दिवशी बोंब होते. तरीही रंकाळ्याचे भवितव्य ठरते ते जमिनीखालच्या नळात आणि उपसा पंपांत. पंप बंद पडला किंवा पावसाळ्यात नाल्याला लोंढा आला, की अडवलेले पाणी बंधारा ओलांडून तलावात उतरू शकते. आणि केंदाळ मुळासकट, वेळेत काढले नाही तर काही आठवड्यांत पुन्हा पसरते. ही एकदा करून संपणारी बांधकामे नव्हेत, ती दरवर्षीची निगराणी आहे, आणि निगराणीला उद्घाटनाची फीत नसते. पैशाची तरतूद करताना हीच बाजू मागे पडते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

काठाचा बदल लोकांच्या सवयींतही दिसतो आणि त्यात गणेश विसर्जनाचा वाटा मोठा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात नीट विरघळत नाही आणि तिच्या रंगांतली रसायने पाण्यात उतरतात. रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडी खाणीतल्या पाण्यात, विसर्जनाची सोय झाल्यावर नदी-तलावांवरचा भार हलका झाला. निर्माल्य वेगळे घेणारे कुंड आणि मूर्तिदान यांना कोल्हापुरात चांगला प्रतिसाद मिळत आला आहे. खणीत सोडलेल्या मूर्ती आणि त्यांचा गाळ वेळेवर बाहेर काढावा लागतो, कारण त्या पाण्यालाही वाहून जायला वाट नाही.