मोल: वजन की मोजणी?

कोल्हापुरातल्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या क्लासात मोल या एककाचं गणित एका दमात उरकतं. ग्रॅम भागिले रेणुवस्तुमान, की झालं. पन्नास ग्रॅम चुनखडी, भागिले तिचं रेणुवस्तुमान शंभर, अर्धा मोल. पुढचं गणित घ्या. भागाकार बरोबरच आहे. पण मोल हे वजन की मोजणी, असं मागच्या बाकावरनं कुणी विचारलं, की खडू जरा थांबतो.

थांबणारच. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच, हा विचार इटलीत १८११ साली मांडला गेला आणि जवळपास पन्नास वर्षं पडून राहिला. १८६० च्या, जर्मनीतल्या कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनतज्ज्ञांच्या परिषदेनंतर अणुवस्तुमानांचा गोंधळ निवळत गेला. ‘मोल’ हा शब्द त्याहून उशिराचा, १८९० च्या दशकातला. तो रूढ करणाऱ्या जर्मन रसायनतज्ज्ञाचा तेव्हा अणू खरोखर असतात यावरच विश्वास नव्हता! त्यामुळे कण मोजायचा प्रश्नच नव्हता. मोल म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम, निव्वळ वजन. मराठीतला जुना ‘ग्रॅम-रेणुभार’ त्याच वळणाचा.

१९७१ मध्ये मोल आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं सातवं मूलभूत एकक झालं. व्याख्या मात्र दोन्ही दरडींवर पाय ठेवून होती: कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू, तितके कण. मोजायचे कण, पण तराजूच्या आधाराने. नुसत्या मोजणीला मूलभूत एकक कशाला, डझनाला कुणी देतं का तो मान, हा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. २० मे २०१९ पासून तराजू बाजूला झाला. आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण. बदल्यात कार्बन-१२ चे ‘नेमके’ १२ ग्रॅम गेले. ते आता प्रयोगाने ठरतात. फरक इतका बारीक, की वहीतल्या उत्तराला धक्काही लागत नाही.

वहीला खरा त्रास २२.४ चा. शून्य अंश सेल्सिअसला एक मोल आदर्श वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, पण दाब एक अ‍ॅटमॉस्फिअर असेल तरच. १९८२ मध्ये प्रमाण दाब एक बार करायची शिफारस झाली आणि आकडा २२.७ वर गेला. पुस्तकांतून दोन्ही नांदतात.

शिरोलीकडच्या फाउंड्रीचंच उदाहरण घ्या. लोखंड वितळवायच्या क्युपोला भट्टीत स्लॅग, म्हणजे वर तरंगणारी मळी, पातळ व्हावा म्हणून चुनखडी टाकतात. शुद्ध धरली तर १०० किलो चुनखडीतून ५६ किलो चुना राहतो आणि ४४ किलो, म्हणजे हजार मोल, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. जुन्या आकड्याने तो २२,४०० लिटर, नव्याने २२,७००. तीनशे लिटरचा हा फरक भट्टीवर कुणी विचारत नाही. पेपरात मात्र दोन्ही उत्तरं पर्यायांत शेजारीशेजारी बसू शकतात, म्हणून गणित वाचतानाच ‘बार’ की ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ यावर पेन्सिलीने गोल करून ठेवावा.