पक्षनिष्ठ थिंक टँक (मुंबई)

पक्षनिष्ठ थिंक टँक : धोरणांचा अभ्यास करणारी, पण तो एखाद्या पक्षाच्या वा विचारसरणीच्या बाजूने मांडणारी संस्था. ‘विचारगट’ हा मराठी प्रतिशब्द छापील मजकुरात भेटतो. बोलताना सगळे थिंक टँकच म्हणतात. अशी संस्था उमेदवार उभे करत नाही. पक्षाला लागणारे आकडे, मसुदे आणि बोलणारी माणसे मात्र पुरवते.

मुंबईत या प्रकाराची मुळे उद्योगपतींच्या वर्तुळात सापडतात. १९४४च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास अशा आठ जणांच्या सह्या होत्या आणि त्यात अर्थव्यवस्थेत सरकारला मोठी भूमिका दिली होती. सही करणाऱ्यांपैकीच अर्देशिर श्रॉफ यांनी १९५६मध्ये सरकारी नियंत्रणांविरुद्ध ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ काढला. फोरमची हत्यारे दोनच : स्वस्त पुस्तिका आणि व्याख्याने. फोरमतर्फे होणारे कायदेपंडित नानी पालखीवालांचे अर्थसंकल्पावरील भाषण हॉटेलच्या सभागृहात सुरू झाले आणि पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम भरू लागले. फोरम स्वतःला पक्षातीत म्हणवत असे. पण १९५९मध्ये ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाचा पक्ष निघाला तेव्हा त्याची आर्थिक भूमिका जवळपास तीच होती. तो पक्ष सत्तरच्या दशकातच संपला. उद्योगाला पावलोपावली सरकारी परवाने लागणारे परवाना राज मोडले १९९१मध्ये, तेही काँग्रेसच्या सरकारने आणि परकीय चलनाच्या संकटात. त्याचे श्रेय पुस्तिकांना देणे अतिशयोक्ती ठरेल. मात्र संकट आले तेव्हा युक्तिवाद नव्याने शोधावा लागला नाही.

आजच्या अर्थाने पक्षाच्या, म्हणजे भाजपच्या, जवळची संस्था म्हणजे रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी. ठाण्याचे खासदार राहिलेल्या म्हाळगींच्या नावाने १९८२मध्ये ती स्थापन झाली. भाईंदरजवळ उत्तनच्या केशवसृष्टीत तिचे प्रशिक्षण केंद्र आहे. संघ परिवारातला ‘बौद्धिक’ आणि समाजवाद्यांचा ‘अभ्यासवर्ग’ या जुन्या परंपरांना येथे संस्थेचे रूप मिळाले, असे म्हणता येईल. लोकप्रतिनिधी व कार्यकर्ते घडवणे हे तिचे मुख्य काम, पण ती धोरणविषयक परिसंवादही घेते. २०१८मध्ये लोकसभा आणि विधानसभांच्या एकत्र निवडणुकांवर तिने परिसंवाद भरवला आणि त्याचा अहवाल पंतप्रधानांपर्यंत गेला. कल्पना तिची नव्हे; विधी आयोगाने ती १९९९मध्येच मांडली होती. पुढे २०२३मध्ये माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची समिती नेमली गेली आणि डिसेंबर २०२४मध्ये घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आले. या साखळीत एका परिसंवादाचा वाटा किती, हे मोजता येत नाही. विषय चर्चेत जिवंत ठेवणे, हेच अशा संस्थांचे खरे बळ. मंत्रालयाजवळच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानचे नेतृत्व शरद पवारांकडे असले, तरी त्याचे काम सामाजिक-सांस्कृतिक अधिक. त्याला थिंक टँक म्हणावे का, यावर वाद होऊ शकतो.

ध्रुवीकरणाचे बोलके उदाहरण अमेरिकेत आहे. प्रत्येकाने आरोग्यविमा घेतलाच पाहिजे ही सूचना १९८९मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या संस्थेतून पुढे आली. २०१०मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यात ती दिसली, तेव्हा उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने कायद्याच्या बाजूने मत दिले नाही. सूचना तीच होती, आणणारे बदलले होते. आपल्याकडे हे रोज संध्याकाळी वाहिन्यांवर दिसते. एका चौकटीत प्रवक्ता, शेजारी ‘राजकीय विश्लेषक’. विश्लेषकाची संस्था कुणाच्या पैशावर चालते, ते पट्टीवर लिहिलेले नसते. मुंबईतल्या सार्वजनिक न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, पण प्रेक्षक काही तिथे जाऊन फाईल उघडत नाही.

पक्षाचा शिक्का मात्र नेहमीच उपयोगी पडतो असे नाही. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन या थिंक टँकच्या मुंबई शाखेचे तेव्हाचे प्रमुख सुधींद्र कुलकर्णी हे एकेकाळी वाजपेयी आणि अडवाणींचे सहकारी. ऑक्टोबर २०१५मध्ये पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी यांच्या पुस्तकाचे प्रकाशन त्यांनी ठरवले, म्हणून शिवसैनिकांनी त्यांच्या तोंडाला काळे फासले. तेव्हा राज्यात भाजप-शिवसेनेचे सरकार होते. कुलकर्णी त्याच काळ्या चेहऱ्याने पत्रकारांसमोर बसले, आणि संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये पोलीस बंदोबस्तात प्रकाशन पार पडले.