डाउनटाउन क्रिटेरियम

शहराच्या मध्यवस्तीतील रस्ते वाहनांना बंद करून, छोट्या मार्गावर अनेक फेऱ्या मारीत खेळली जाणारी सायकल शर्यत. अमेरिकेत तिचे बोलीतले नाव ‘क्रिट’. तेथील नियमांनुसार मार्ग ८०० मीटर ते ५ किमी लांब असावा लागतो. डाउनटाउनमध्ये तो बहुधा चार वळणांचा, सुमारे १ किमीचा असतो. जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे १९८० पासून भरणारी ‘ट्वायलाइट’ ही रात्रीची शर्यत अशाच मार्गावर ८० फेऱ्यांची होत आली आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. बेल्जियम व नेदरलँड्समधील जत्रांच्या वेळच्या गावशर्यतींकडे मूळ शोधण्याची प्रथा आहे. अमेरिकी शर्यतीपुरते मात्र बंदिस्त ट्रॅकवरील सायकल शर्यतींकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. न्यू जर्सीतील न्यूअर्कचा व्हेलोड्रोम (सायकल शर्यतींचा ट्रॅक) १९३० मध्ये बंद पडला आणि त्याच राज्यातील सॉमरविल येथे १९४० मध्ये सायकल दुकानदार फ्रेड ‘पॉप’ कूगलर यांनी मेमोरियल डेला (युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी) ५० मैलांची शर्यत सुरू केली. घंटा वाजवून एखाद्या फेरीवर इनाम लावण्याची ‘प्रीम’ची चालही ट्रॅकवरील सहा दिवसांच्या शर्यतींत रुळलेली होती. हमरस्त्यावर शर्यत लावण्यास कायद्याची आडकाठी असल्याने तिला ‘टूर ऑफ सॉमरविल’ म्हटले गेले, अशी हकीकत प्रचलित आहे. १९४० व १९४१ चा विजेता फर्मन कूगलर (पॉप यांचा मुलगा) आणि १९४२ चा विजेता कार्ल अँडरसन हे दोघेही दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावले. मुख्य शर्यतीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. तिला देशातील सर्वांत जुनी मोठी शर्यत म्हणतात. परंतु १९४३ ते १९४६ खंड पडल्याने ‘सलग’ हे विशेषण लावता येत नाही.

शर्यतीचा निकाल वळणांवर ठरतो. १ किमीच्या ८० फेऱ्या म्हणजे ३२० वळणे. प्रत्येक वळणावर घोळका हार्मोनियमच्या भात्यासारखा आखडतो आणि ताणतो: पुढचे दहा-पंधरा जण जवळजवळ ब्रेक न लावता जातात, तर मागच्यांना दर वेळी ब्रेक आणि मग उसळी मारावी लागते. दमून सुटणारे बहुतेक मागचेच असतात. ब्रेक वळणाआधी लावावा. वळताना बाहेरचे पेडल खाली आणि भार त्यावर. सायकल सरळ होण्याआधी पेडल मारले तर आतले पेडल रस्त्याला घासते, मागचे चाक उचलते आणि मागचे तिघे-चौघे त्यात सापडतात. पावसात पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे निसरडी होतात. टायरची हवा ५ ते १० पीएसआयने उतरवावी आणि झाकण ओलांडताना सायकल कलती ठेवू नये. शेवटचे वळण अंतिम रेषेपासून २०० मीटरवर असेल, तर तेथे पहिल्या पाचांत नसलेल्याला जिंकण्याची आशा थोडी.

पंक्चर किंवा पडझड झाल्यास पिटमध्ये (मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागी) जाऊन ‘फ्री लॅप’, म्हणजे दुरुस्तीसाठी एका फेरीची सूट, मिळते आणि स्वार आपल्याच गटाच्या शेपटाला परत लागतो. शेवटच्या ८ किमीत ही सवलत नाही. नीट न आवळलेल्या भागामुळे आलेला बिघाडही त्यात धरत नाहीत. पिटमधले चाक आपल्या सायकलला बसेलच असे नसते: १४० मिमीच्या डिस्कचे चाक १६० मिमीच्या ब्रेकला चालत नाही. म्हणून स्वतःची जोडी नाव लावून ठेवावी.

मार्गआखणीत कठड्यांचा हिशेब आधी करावा. अंतिम रेषेजवळचे २०० मीटर दोन्ही बाजूंनी अडवायचे, तर अडीच मीटरचे १६० कठडे लागतात. त्यांचे पाय सपाट हवेत. बाहेर आलेल्या पायात चाक अडकते. दिव्याच्या खांबांना गवताचे भारे बांधतात, पण भिजलेला भारा दगडासारखा कडक होतो. फोमच्या गाद्या बऱ्या. वळणावरची वाळू शर्यतीच्या सकाळीच झाडावी, आदल्या दिवशी झाडून उपयोग नाही. ताशी ४५ किमी वेगाने १ किमीची फेरी ८० सेकंदांत होते. घोळका एकत्र असेतो पादचाऱ्यांना सोडायला मिनिटभरही मिळत नाही आणि काही जण घोळक्यापासून फुटून पुढे गेले की ती फटही बुजते. म्हणून प्रत्येक ओलांडणीवर शिटीवाले दोन स्वयंसेवक तरी हवेत, तेही पाळीपाळीने.

अशा शर्यती बंद पडतात त्या स्वारांच्या टंचाईपेक्षा रस्त्यावरच्या लोकांच्या नाराजीने अधिक. रस्ताबंदीच्या अर्जाआधी, निदान तीन महिने अगोदर, मार्गाच्या आत व कडेला असलेल्या प्रत्येक दुकानात आणि घरी स्वतः जावे. पत्रक टाकून भागत नाही. चर्चच्या प्रार्थनेची वेळ, औषधांच्या दुकानाची गिऱ्हाइके, आत अडकणाऱ्या गाड्या यांची नोंद तेव्हाच होते. दोन शर्यतींमध्ये १५ मिनिटांची फट ठेवून आतल्या गाड्या सोडाव्यात आणि अग्निशमन दलाशी ठरलेली वाट कधीच अडवू नये. बंदोबस्ताच्या पोलिसांचा जादा भत्ता हा खर्चातला मोठा आकडा. तो शर्यतपटूंच्या प्रवेशशुल्कातून क्वचितच निघतो. छोट्या दुकानदाराला मोठे प्रायोजकत्व झेपत नाही, पण ५० डॉलरची एक प्रीम झेपते आणि निवेदक त्याचे नाव घंटेबरोबर पुकारतो. मुलांची फुकट शर्यत मुख्य शर्यतीच्या लगेच आधी ठेवावी; सकाळी ठेवली तर पालक दुपारपर्यंत घरी गेलेले असतात.